खेळाडूचा देश नेमका कोण ठरवतो? फुटबॉल, स्थलांतर आणि नागरिकत्व

नवेगावकर (अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

१८ नोव्हेंबर २०२५ या एकाच दिवशी झालेल्या दोन सामन्यांमुळे हा धागा काढावासा वाटला. ढाक्यात बांगलादेशाने भारताला १-० असे हरवले. त्या संघाचा मध्यफळीतला मुख्य आधार असलेला हमझा चौधरी इंग्लंडमधील लफबरोचा. तो लेस्टर सिटीच्या अकादमीत घडला, इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघाकडून खेळला आणि आई बांगलादेशी असल्यामुळे आता बांगलादेशाकडून खेळतो. त्याच दिवशी किंग्स्टनमध्ये जमैकाला गोलशून्य बरोबरीत रोखून कुरासाओ २०२६ च्या विश्वचषकाला पात्र ठरले. कॅरिबियन समुद्रातल्या या बेटाची लोकसंख्या सुमारे दीड लाख, म्हणजे आपल्या गोंदिया शहराच्या आसपास आहे. इतकी कमी वस्ती असलेला संघ याआधी विश्वचषकापर्यंत कधीच पोहोचला नव्हता. मात्र त्या संघातले जवळजवळ सगळे खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मलेले आणि तिथल्याच क्लबांत शिकलेले आहेत.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला मलेशियाचे प्रकरण आहे. जून २०२५ मध्ये मलेशियाने व्हिएतनामचा ४-० असा पराभव केला आणि पाठोपाठ त्या संघातल्या परदेशात जन्मलेल्या खेळाडूंविषयी तक्रार झाली. सप्टेंबरमध्ये फिफा या जागतिक फुटबॉल महासंघाने अशा सात खेळाडूंवर बारा महिन्यांची बंदी घातली व मलेशियाच्या संघटनेला साडेतीन लाख स्विस फ्रँकांचा दंड ठोठावला. या सातही जणांचे आजी किंवा आजोबा मलेशियात जन्मले असे दाखवणारे दाखले सादर झाले होते. फिफाने मूळ नोंदी शोधल्या तेव्हा ते जन्म स्पेन, अर्जेंटिना, ब्राझील आणि नेदरलँड्समध्ये झाल्याचे उघड झाले. नोव्हेंबरमध्ये संघटनेचे अपीलही फेटाळले गेले.

माझे म्हणणे असे आहे की, खेळाडू आपला देश 'निवडतो' ही भाषा बरीचशी फसवी आहे. कोणत्या गावात चांगले मैदान आणि शिकवणारा माणूस होता, कोणत्या संघटनेला कोणत्या जागेवरचा खेळाडू कमी पडत होता आणि आजोबांचा जन्म कोणत्या वहीत नोंदला गेला, यांवरच पुष्कळसे ठरून जाते. जुन्या वसाहतींचा इतिहास समोर ठेवला तर ही ये-जा आणखी स्पष्ट दिसते. युसेबिओ जन्मला मोझांबिकमध्ये. पण १९६६ च्या विश्वचषकात त्याने केलेले नऊ गोल पोर्तुगालच्या नावावर लागले, कारण तेव्हा मोझांबिक पोर्तुगालची वसाहत होती. आज तोच ओघ उलटा वाहतो आहे. २०२२ च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठणारा पहिला आफ्रिकी संघ मोरोक्कोचा, आणि त्याच्या २६ खेळाडूंपैकी १४ जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते. हकिमी माद्रिदचा, झियेश नेदरलँड्समधल्या ड्रॉन्टनचा, गोलरक्षक बोनो माँट्रियलचा आणि प्रशिक्षक रेग्रागुई फ्रान्सचा. स्पेनविरुद्धच्या पेनल्टी शूटआउटमधला निर्णायक फटका माद्रिदमध्येच वाढलेल्या हकिमीने मारला.

मंडळींनी यावर आपली मते सविस्तर मांडावीत.

वऱ्हाडी वकील (बाळापूर)

चर्चा पुढे नेण्यापूर्वी नियम नीट समजून घेतलेला बरा, कारण पुष्कळांचा समज असा असतो की पासपोर्ट मिळाला म्हणजे काम झाले. फिफाच्या दृष्टीने नागरिकत्व ही पहिली अट आहे, शेवटची नव्हे. एखाद्याने नवे नागरिकत्व घेतले असेल तर त्याचा स्वतःचा जन्म, आईचा किंवा वडिलांचा जन्म, अथवा आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म त्या देशात झालेला असावा लागतो. नाहीतर त्याने तिथे ठरावीक वर्षे वास्तव्य केलेले असावे लागते. वयाच्या अठराव्या वर्षानंतर गेलेल्यासाठी हे वास्तव्य पाच वर्षांचे आहे. दहा वर्षांच्या आत गेलेल्या मुलासाठी तीन वर्षे पुरतात.

ही अट का आली तेही पाहण्यासारखे आहे. २००४ मध्ये कतारने ब्राझीलच्या काही खेळाडूंना पैसे देऊन नागरिकत्व घ्यायला लावण्याचा घाट घातला होता. त्यांचा कतारशी दुरूनही संबंध नव्हता. तेव्हा फिफाने घाईघाईने 'स्पष्ट नाते' असण्याची अट आणली. म्हणजे आजी-आजोबांचा नियम भावनेपोटी आलेला नाही. तो बाजार रोखण्यासाठी घातलेले कुंपण आहे, आणि मलेशियाने त्याच कुंपणाला खिंडार पाडले.

नवेगावकर सरांनी दिलेले कुरासाओचे उदाहरण यात वेगळे आहे. तिथे नागरिकत्व बदलण्याचा प्रश्नच येत नाही, कारण कुरासाओ हा नेदरलँड्सच्या राज्याचाच भाग आहे आणि दोघांचा पासपोर्ट एकच आहे. पासपोर्टने काहीच ठरत नसल्यामुळे तिथे जन्म, आईवडील, आजी-आजोबा आणि वास्तव्य याच कसोट्या उरतात. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स यांचाही पासपोर्ट असाच एक आहे.

दुसरा भाग संघ बदलण्याचा आहे. मुनिर अल हद्दादी हा स्पेनमध्ये जन्मलेला, मोरोक्कन वडिलांचा मुलगा सप्टेंबर २०१४ मध्ये स्पेनकडून मॅसेडोनियाविरुद्ध शेवटची जेमतेम तेरा मिनिटे खेळला. सामना स्पर्धात्मक असल्यामुळे त्या तेरा मिनिटांनी तो कायमचा स्पेनला बांधला गेला. पुढे स्पेनने त्याला विचारले नाही. मोरोक्कोला तो २०१८ च्या विश्वचषकासाठी हवा होता, पण क्रीडा लवादाने नकार दिला. २०२० मध्ये नियम सैल झाला. एकवीस वर्षांच्या आत मुख्य संघाकडून तीनपेक्षा जास्त सामने खेळलेले नसतील, त्यात विश्वचषकाचा किंवा खंडीय स्पर्धेच्या अंतिम टप्प्याचा सामना नसेल आणि मध्ये तीन वर्षे गेली असतील तर संघ बदलता येतो. मुनिर अखेर २०२१ मध्ये मोरोक्कोकडून खेळला, परंतु विश्वचषक हातचा गेला तो गेलाच.

पांढरे सोने (पांढरकवडा)

वकीलसाहेबांनी नियम छान समजावला, पण माझा मूळ आक्षेप कायम आहे. संघ देशाचा म्हणायचा आणि त्यातली मुले दुसऱ्याच देशात शिकून तयार झालेली असायची, तर मग क्लब आणि देश यांत फरक तो काय राहिला? कुरासाओचे कौतुक मलाही आहे, पण तो विजय कुरासाओच्या फुटबॉलचा की डच अकादमींचा, हे कोणी प्रामाणिकपणे सांगावे. भारतातही आता परदेशस्थ भारतीय वंशाच्या खेळाडूंना घ्या म्हणून ओरड सुरू झाली आहे. एकशे चाळीस कोटींच्या देशाने इंग्लंड-ऑस्ट्रेलियातून खेळाडू मागवावेत, ही आपल्या जिल्हा क्रीडा संकुलांच्या अवस्थेची कबुली आहे. पायाला जखम आणि मलमपट्टी डोक्याला, असा हा प्रकार आहे.

रानमेवा (साकोली)

पांढरे सोने दादा, 'दुसऱ्याच देशात शिकून तयार झालेली' हे तुमचे वाक्य फ्रान्सला लावले तर उलटेच चित्र दिसते. १९९८ चा विश्वविजेता फ्रेंच संघ घ्या. झिदान मार्सेयचा, आईवडील अल्जीरियाचे, देसाई घानात जन्मलेला, व्हिएरा सेनेगलमध्ये, थुराम ग्वाडेलूपमध्ये, कारंब्यू न्यू कॅलेडोनियाचा. शिकले मात्र सगळे फ्रान्समध्ये. तरीही १९९६ मध्ये अतिउजवे नेते ल पेन यांनी या संघाला बनावट ठरवले होते. कारंब्यूची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी आहे: त्याच्या पणजोबांना १९३१ च्या पॅरिसमधल्या वसाहत प्रदर्शनासाठी नेऊन लोकांपुढे रानटी माणूस म्हणून उभे केले होते. त्याच शहराच्या उंबरठ्यावर पणतू विश्वचषक जिंकतो, आणि राष्ट्रगीत म्हटले नाही म्हणून त्यालाच जाब विचारला जातो.

विजयानंतर काळे, गोरे आणि अरब यांचा एकजीव फ्रान्स अशी घोषणा सगळीकडे दुमदुमली. ती किती टिकली? ६ ऑक्टोबर २००१ रोजी त्याच मैदानावर फ्रान्स आणि अल्जीरिया पहिल्यांदा मित्रत्वाचा सामना खेळले. फ्रेंच राष्ट्रगीताच्या वेळी हुर्यो झाली, फ्रान्स ४-१ ने पुढे असताना प्रेक्षक मैदानात घुसले आणि सामना अर्ध्यावर सोडावा लागला. हुर्यो करणारी बहुतेक पोरे पॅरिसच्या आसपासच्या वस्त्यांत जन्मलेली होती. पुढे २०११ मध्ये फ्रेंच संघटनेच्या बैठकीत दुहेरी नागरिकत्वाच्या मुलांची अकादमींमधली संख्या मर्यादित ठेवण्याचा विचार झाल्याचे बाहेर आले आणि मोठे वादळ उठले. त्या चर्चेमागचे गणित साधे होते: आपण शिकवायचे आणि ते अल्जीरियाकडून खेळायचे. म्हणजे स्थलांतरिताचे पोर शिकले तरी त्याच्याकडे संशयानेच पाहायचे.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो तो मेसूत ओझिल. गेल्सेनकिर्खेनच्या खाणपट्ट्यात जन्मलेला, घर तुर्की. तुर्की नागरिकत्व सोडून जर्मन झाला, जर्मनीकडून ९२ सामने खेळला, २०१४ चा विश्वचषक जिंकला. मे २०१८ मध्ये तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन यांच्यासोबत छायाचित्र काढले, पाठोपाठ जर्मनी विश्वचषकाच्या पहिल्याच फेरीत गारद झाली, आणि सगळे खापर त्याच्या डोक्यावर फुटले. जुलैमध्ये त्याने राष्ट्रीय संघ सोडला आणि लिहिले की जिंकलो की मी जर्मन असतो, हरलो की स्थलांतरित. ते छायाचित्र मलाही आवडले नव्हते, त्याने ते काढायला नको होते असेच मला वाटते. पण हुकूमशाही वळणाच्या नेत्यांशी हात मिळवणारे इतर खेळाडूही असतात आणि त्यांच्या जर्मन असण्यावर कोणी बोट ठेवत नाही.

एक उदाहरण मात्र मनाला गोड वाटते. ब्रील एंबोलो कॅमेरूनमधल्या याउंदेत जन्मला आणि स्वित्झर्लंडमध्ये वाढला. २०२२ च्या विश्वचषकात त्याने कॅमेरूनविरुद्धच एकमेव गोल केला, आणि गोल होताच दोन्ही हात वर करून तो जागच्या जागी उभा राहिला. स्वित्झर्लंडमध्ये त्यावर कोणी काहूर माजवले नाही.

कामठी मैदान

मला यात नवे काही वाटत नाही, कारण जुन्या काळी तर याहून मोकळा कारभार होता. लुईस मोंटी १९३० च्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाकडून खेळला आणि १९३४ चा विश्वचषक त्याने इटलीकडून जिंकला; दोन वेगळ्या देशांकडून अंतिम सामना खेळलेला तो एकमेव खेळाडू आहे. मुसोलिनीच्या राजवटीला परकीयांचे वावडे होते, पण आजोबा इटालियन असलेल्या अर्जेंटिनी खेळाडूचे नव्हते. पुष्काश हंगेरीकडून १९५४ चा अंतिम सामना खेळला आणि १९६२ मध्ये स्पेनच्या गणवेशात दिसला. १९५० मध्ये ज्या गोलाने अमेरिकेने इंग्लंडला हरवले तो करणारा जो गेटजेन्स हैतीचा होता, त्याच्याकडे अमेरिकेचे नागरिकत्वही नव्हते.

आणि आपल्याकडे पाहा. कामठीचे फुटबॉल सगळ्या विदर्भाला ठाऊक आहे. ते खेळणाऱ्या मोहल्ल्यांपैकी कित्येकांचे पूर्वज १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर. चेंडू इथे आणला छावणीतल्या गोऱ्या पलटणींनी. यातले 'मूळचे' काय काढणार? क्रिकेटमध्ये तर विदर्भाने रणजी करंडक जिंकले ते आधी वसीम जाफर आणि नंतर करुण नायर यांना सोबत घेऊन. जाफर मुंबईचा, नायर कर्नाटकचा. २०२५ च्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध नायरने जामठ्यावर १३५ धावा काढल्या तेव्हा तो बाहेरचा आहे असे म्हणणारा एक माणूस मला दाखवा. पांढरे सोने भाऊ, तुम्हीही त्या दिवशी टाळ्या वाजवल्याच असतील.

पांढरे सोने

वाजवल्या, अगदी उभे राहून वाजवल्या. पण रणजी संघ म्हणजे देश नव्हे. नायर दोन हंगाम खेळून परत कर्नाटकात गेला, त्याचे कोणाला काही वाटले नाही. भारताच्या संघातून कोणी असे परत गेलेले आपल्याला चालेल का, एवढाच माझा प्रश्न आहे.

इटियाडोह (गोठणगाव परिसर)

या धाग्यात ज्यांचा उल्लेख अजून आलेला नाही त्यांच्याविषयी लिहितो. आमच्या गावालगत १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. नवेगावकर सरांना ती माहीतच आहे. तिथल्या पोरांबरोबर आम्ही शाळेच्या वयात फुटबॉल खेळलो आहोत. ते उत्तम मराठी बोलतात, आमच्यासारखेच 'काऊन' म्हणतात, मंडईत (आमच्याकडच्या गावजत्रेत) दंडारीच्या खेळाला येऊन बसतात, हिवाळ्यात स्वेटर विकायला जिल्ह्याजिल्ह्यांत जातात.

तिबेटचा स्वतःचा फुटबॉल संघ आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. २००१ मध्ये कोपनहेगनमध्ये तो ग्रीनलंडशी खेळला आणि ४-१ असा हरला. चीनने त्या सामन्याला विरोध केला होता. २०१८ मध्ये लंडनमध्ये फिफाबाहेरच्या संघांची स्पर्धा झाली त्यातही तिबेट होता. या संघात खेळणारी मुले भारतात, नेपाळात आणि युरोप-अमेरिकेत वाढलेली असतात. तिबेट त्यांच्यापैकी बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेलाही नाही. इथे नियमांचा सगळा डोलारा कोसळतो. आजोबांचा जन्म ल्हासाचा आहे, पण तो नोंदवणारी वही कोणाकडे आहे? आणि वही असली तरी त्या जन्माच्या जोरावर ज्या देशाकडून खेळता येईल तो चीन होईल.

मला वकीलसाहेबांना विचारायचे आहे की, वसाहतीत जन्मलेला मुलगा उद्या खरोखरच चांगला निघाला तर त्याला भारताकडून खेळता येईल का?

वऱ्हाडी वकील

इटियाडोह भाऊ, कायद्याने बघितले तर पुष्कळांना येईल. नागरिकत्व अधिनियम १९५५ च्या कलम ३ नुसार २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारतीय नागरिक ठरते. आईवडील कोण याला तिथे महत्त्व नाही. १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४ या काळात जन्मलेल्यासाठी आईवडिलांपैकी एक भारतीय हवा. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये तिबेटी व्यक्तींनाही हे कलम लागू होते असा निर्णय दिला. म्हणजे १९७५ मध्ये गोठणगावात जन्मलेली बाई भारतीय आहे, आणि तिचा मुलगाही बहुतांशी भारतीयच आहे.

घोडे पेंड खाते ते अंमलबजावणीत. २०१७ मध्ये पासपोर्ट देण्याची तयारी झाली तेव्हा अर्जदाराने निर्वासित म्हणून असलेली नोंदणी परत करावी, निर्वासितांच्या सवलती घेऊ नयेत आणि वसाहतीत राहू नये अशा अटी आल्या. कागदावर भारतीय व्हायचे तर घर सोडायचे. शिवाय अनेकांना भारतीय व्हायचे नसते, आणि तेही समजण्यासारखे आहे. निर्वासित म्हणून राहणे ही त्यांच्यासाठी परत जाण्याच्या हक्काची राखण आहे.

परदेशस्थ भारतीयांच्या बाबतीत मुद्दा अगदी वेगळा आहे. आपल्या अधिनियमाच्या कलम ९ मुळे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाला आपण सवयीने नागरिकत्व म्हणतो, पण त्याने भारतीय पासपोर्ट मिळत नाही, आणि भारताच्या संघात भारतीय पासपोर्ट असलेलाच खेळेल हे धोरण २००८ पासून आहे. म्हणून न्यूकॅसलमध्ये वाढलेला मायकेल चोप्रा भारताकडून कधी खेळू शकला नाही. आराता इझुमीचे वडील गुजराती, आई जपानी. तो जपानचे नागरिकत्व सोडून २०१२ मध्ये भारतीय झाला तेव्हाच त्याला निळा गणवेश मिळाला. पुण्याच्या क्लबकडून खेळणारा हा माणूस पुढे नीलकंठ खंभोळजा या नावानेही ओळखला गेला. २०२५ मध्ये रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून तेच केले. पांढरे सोने भाऊंच्या प्रश्नाला हे एक उत्तर आहे: ज्याने मागचा दोर कापला तो परत जाईल कसा?

मुलचेरा (जि. गडचिरोली)

बरेच दिवस केवळ वाचत होतो. आज लिहितो, कारण या विषयात मी उंबरठ्यावर उभा आहे. माझे आजोबा पूर्व पाकिस्तानातल्या खुलना जिल्ह्यातले. वडिलांचा जन्म रायपूरजवळच्या माना कॅम्पमधला. १९६० च्या दशकात सरकारने जंगल तोडून तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आम्हा बंगाली निर्वासितांच्या वस्त्या बसवल्या. मी इथे जन्मलो, मराठी शाळेत शिकलो, आणि भाताची बांधी कशी नांगरायची हे आम्ही शेजारच्या गोंड भावांकडून शिकलो. आम्हाला नागरिकत्व मिळाले. मात्र आमच्यातल्या नमःशूद्रांना बंगालमध्ये अनुसूचित जातीचा दाखला मिळतो तो महाराष्ट्रात मिळत नाही, ही गाठ अजून सुटलेली नाही.

ढाक्याच्या त्या सामन्याच्या रात्री आमच्या वस्तीत दूरचित्रवाणीपुढे तीस-चाळीस माणसे होती. 'तुम्ही कोणाकडून?' हा प्रश्न मला शाळेपासून विचारला गेला आहे, आणि विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखा विचारला गेला आहे. आम्ही भारताकडूनच होतो. गोल बसला तेव्हा शिव्याही बंगालीतून भारताच्याच बचावफळीला पडल्या. तरी म्हाताऱ्या माणसांना समालोचनातली गावांची नावे ऐकायला आवडतात, ते मी नाकारणार नाही.

फिफाच्या नियमाची गंमत अशी की, माझ्या आजोबांचा जन्म खुलन्याचा असल्यामुळे आजोबांच्या कसोटीवर मी बांगलादेशाला चालेन. फक्त त्यासाठी बांगलादेशाचे नागरिकत्व घ्यावे लागेल, आणि ते घेतले की भारताचे जाईल. ज्या देशातून आजोबा जीव मुठीत धरून निघाले त्याचा दाखला मागायला नातवाने जायचे!

नियमांवरून आठवले म्हणून आमच्या स्पर्धेचे सांगतो. धानकापणी झाली की आमच्याकडे गावागावांच्या फुटबॉल स्पर्धा होतात. संघ एकाच ग्रामपंचायतीचा हवा आणि आधार कार्डावर पत्ता त्याच गावाचा हवा, असा नियम आहे, कारण बक्षीस वाढले तसे लोक बल्लारपूर-चंद्रपूरहून पैसे देऊन खेळाडू आणू लागले. मागच्या हंगामात उपांत्य सामन्याआधी एका संघाने हरकत घेतली. समोरच्या, म्हणजे आमच्या, संघातला डाव्या बगलेवर खेळणारा मुलगा आमच्या गावचा नव्हताच. पत्ता वडिलांच्या गावचा. पण तो पाचवीपासून मामाकडे राहून शिकलेला, इथल्याच मैदानावर खेळायला शिकलेला. टेबलावर झेरॉक्सचा गठ्ठा दगडाखाली दाबून ठेवलेला, पंच कडेला उन्हात उभे, आणि समितीतले पाच जण एकमेकांवर ओरडत आहेत. दुसऱ्या संघात मात्र एक खेळाडू होता ज्याचा पत्ता महिन्याभरापूर्वी बदलून आणला होता. तो गावात एक रात्रही राहिला नव्हता, पण त्याचे कार्ड निर्दोष होते. नियमाने भाचा बाद झाला आणि भाड्याचा खेळाडू खेळला. मी समितीत होतो आणि नियमाच्या बाजूने हात वर केला. आजही मला तो निर्णय नियमाला धरून आणि न्यायाला सोडून वाटतो.

नवेगावकर

मुलचेरा भाऊंच्या या प्रतिसादाने माझा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडला आहे. फिफाच्या नियमात आजोबांच्या जन्माला जे वजन आहे ते मुलाच्या शिक्षणाला नाही. दहा वर्षांच्या आत आलेल्या मुलासाठी तीन वर्षांचे वास्तव्य पुरेसे धरले जाते, ही एवढीच खिडकी त्या अंगाने उघडी आहे, आणि तीही आधी नागरिकत्व हातात असेल तरच. टोनी कास्कारिनो आयर्लंडकडून ८८ सामने खेळला, आणि नंतर आत्मचरित्रात त्याने सांगितले की ज्या आयरिश आजोबांच्या नात्याने तो खेळला त्यांनी त्याच्या आईला दत्तक घेतलेले होते. रक्ताचे नाते नव्हतेच. मग ते ८८ सामने कमी आयरिश झाले का? माझ्या मते मुळीच नाही.

पांढरे सोने भाऊंशी मी एका बाबतीत सहमत आहे आणि एका बाबतीत नाही. परदेशातून खेळाडू आणणे हा मैदानांच्या दुरवस्थेवरचा उपाय नव्हे, हे खरे. पण 'आपले' आणि 'बाहेरचे' ही वाटणी त्यांनी जिथे केली आहे तिथे ती टिकत नाही. सुनील छेत्री सिकंदराबादला नेपाळी कुटुंबात जन्मला. भायचुंग भुतिया सिक्कीमचा, आणि सिक्कीम भारतात आले त्याच्या पुढच्याच वर्षी तो जन्मला. भारतीय फुटबॉलची ही दोन सर्वांत मोठी नावे या चर्चेत कोणालाही बाहेरची वाटली नाहीत, आणि तेच योग्य आहे. माझा आग्रह एवढाच आहे की, लंडन-पर्थमधल्या भारतीय वंशाच्या मुलांसाठी कायदा वाकवायची चर्चा करणाऱ्यांनी गोठणगाव आणि मुलचेऱ्यातल्या मुलांच्या कागदांची चर्चा त्याआधी करावी. इथे कायदा बदलावा लागत नाही, असलेला पाळावा लागतो.

रानमेवा

सर, 'आधी' हा शब्द मला खटकतो. दोन्ही एकाच वेळी का होऊ नये? स्पेनमधल्या इनाकी आणि निको विल्यम्स या भावांचे पाहा. आईवडील घानातून सहारा वाळवंट तुडवत, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मेलिया या स्पॅनिश शहराचे कुंपण ओलांडून स्पेनला पोहोचले. इनाकी स्पेनकडून एक मित्रत्वाचा सामना खेळून पुढे घानाकडे गेला, निको स्पेनकडून २०२४ चा युरो करंडक जिंकला आणि अंतिम सामन्यात गोलही केला. एकाच घरातून दोन्ही देशांना खेळाडू मिळाले, घर काही फुटले नाही. जर्मनीने २०२४ मध्ये दुहेरी नागरिकत्व सर्रास खुले केले. कलम ९ वर आपणही फेरविचार करावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

वऱ्हाडी वकील

ताई, घटनेच्या अनुच्छेद ९ पासूनच एकेरी नागरिकत्वाचा धागा आहे आणि त्यामागे फाळणीची पार्श्वभूमी आहे, त्यामुळे फुटबॉलसाठी तो उसवला जाईल अशी आशा मला नाही. मात्र एक वाट आजही उघडी आहे: ओसीआय म्हणून पाच वर्षे नोंद असलेली आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहिलेली व्यक्ती कलम ५ खाली नागरिकत्वासाठी अर्ज करू शकते. परदेशी नागरिकत्व सोडावे लागतेच. पंचविशीतल्या खेळाडूला हा हिशेब परवडतो की नाही, हे त्याने ठरवायचे.

मलेशियाच्या बाबतीत एक राहिले. उशिरा केलेल्या जन्मनोंदींच्या दाखल्यांची आमच्या अकोला-अमरावतीत २०२५ मध्ये जी छाननी झाली ती ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना फिफाने थेट मूळ नोंदवही का मागवली ते सांगावे लागणार नाही. दुर्दैवाने अशा छाननीत खोट्यांबरोबर खरेही भरडले जातात, विशेषतः ज्यांचे जन्म घरीच सुईणीच्या हातून झाले ते.

पांढरे सोने

वकीलसाहेब, ही पाच वर्षांची वाट मला मान्य आहे. जो इथे येऊन राहतो, इथल्या लीगमध्ये घाम गाळतो, तो माझ्या लेखी बाहेरचा नाही. माझा विरोध स्पर्धेपुरते विमानातून उतरणाऱ्यांना आहे आणि तो राहील. मुलचेरा भाऊ, तुमच्या भाच्याला बाद करणे मात्र मलाही पटले नाही. यंदा काय ठरवले?

मुलचेरा

या रविवारी समितीची बैठक झाली. आधार कार्डावरचा पत्ता स्पर्धेच्या किमान एक वर्ष आधीपासूनचा हवा, असा बदल एकमताने झाला, त्यामुळे भाड्याचे खेळाडू बहुतेक थांबतील. भाच्यांसाठी गावातल्या शाळेचा किमान तीन वर्षांचा दाखला चालेल असे मी सुचवले आणि तेही मंजूर झाले; मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का लागेल. गोंडांच्या दोन गावांनी घरजावयांनाही खेळू द्यावे अशी मागणी केली, कारण त्यांच्याकडे लग्नाआधी सासऱ्याच्या घरी राबणारा लमझना वर्षानुवर्षे त्याच गावात राहतो. त्यावर दोन तास वाद झाला आणि निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे. वकीलसाहेबांनी त्या नियमाची शब्दरचना करून दिली तर बरे होईल, कारण लमझना तीन वर्षांनी सासऱ्याशी भांडून निघून गेला तर काय करायचे हे कोणालाच सुचत नाही.